घर उबदार, पण जानेवारीचं बिल दुप्पट: हीट पंपाचं दरवर्षीचं दुखणं कसं शोधायचं

तक्रार दरवर्षी एकाच साच्यातली असते. घर नीट गरम आहे, थर्मोस्टॅट ७० दाखवतोय, कुणाला थंडी वाजत नाही, मशीनचा वेगळा आवाज नाही. आणि फेब्रुवारीत विजेचं बिल येतं ते नोव्हेंबरच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. ‘यंदा थंडीच फार होती’ असा घरात निकाल लागतो, मार्चमध्ये बिल आपोआप उतरतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

नॉर्थ कॅरोलायनात रॅले, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि इथल्या बऱ्याच घरांत गॅसची भट्टी नसून विजेवरचा हीट पंप असतो. जॉर्जिया, टेनेसी, व्हर्जिनियातही तो सर्रास दिसतो. खाली लिहिलेलं मुख्यतः याच प्रकारच्या, डक्टमधून घरभर हवा फिरवणाऱ्या पंपाबद्दल आहे. न्यू जर्सी, टोरांटोकडच्या लोकांसाठी शेवटी थोडं वेगळं आहे. सगळी तापमानं फॅरनहाइटमध्ये दिली आहेत.

घरात हीटर एक नाही, दोन आहेत

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. उन्हाळ्यात हेच मशीन घरातली उष्णता बाहेर टाकतं, हिवाळ्यात एक झडप फिरते आणि काम उलट्या दिशेने सुरू होतं. बाहेर ४७ अंश असताना एक युनिट वीज खाऊन ते साधारण तीन ते साडेतीन युनिटांइतकी उष्णता घरात सोडतं. १७ अंशांना हेच प्रमाण दोन-अडीचवर येतं. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. हीट पंप स्वस्त पडतो तो एवढ्याच एका कारणाने.

दुसरा हीटर आतल्या एअर हँडलरच्या, म्हणजे घरात हवा फिरवणाऱ्या पेटीच्या, पोटात असतो. त्याला हीट स्ट्रिप म्हणतात. गीझरमधल्या कॉइलसारखंच प्रकरण: वीज गेली, तार तापली, हवा गरम झाली. ५, १०, १५ किलोवॉट अशा मापांत ती येते. इथे एका युनिटला एकच युनिट उष्णता मिळते, त्याहून कणभर जास्त नाही. थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स’ (ऑक्झिलरी, म्हणजे पूरक) किंवा ‘ऑक्स हीट’ दिसलं की ही चालू आहे असं समजायचं.

गोची अशी की दोन्ही हीटर एकाच डक्टमधून हवा सोडतात. पंप दमला, बिघडला किंवा थर्मोस्टॅटने त्याला चुकून बाजूला ठेवलं, तर स्ट्रिप मुकाट्याने सगळा भार उचलते. गॅसची भट्टी बंद पडली तर घर गार पडून रात्रीतच कळतं. हीट पंप बंद पडला तर कळतं महिन्याने, बिलातून. म्हणून ‘घर गरम आहे ना, मग पंप ठीक आहे’ हे गृहीतक आधी सोडून द्या. दरवर्षी ही तक्रार परत येते ती याच गृहीतकामुळे.

पैशांत किती फरक पडतो

हिशोबाला एक मध्यम घर घेऊ. बाहेर ३० आणि आत ७० अंश असताना त्याला ताशी २४,००० बीटीयू (हे उष्णतेचं माप) लागतात असं धरू, म्हणजे साधारण ७ किलोवॉट. (१ युनिट वीज म्हणजे ३,४१२ बीटीयू.) पंपाचा सीओपी अडीच धरला तर ताशी २.८ युनिट लागतील. तेच काम फक्त स्ट्रिपने केलं तर ७ युनिट. फरक ताशी ४.२ युनिट, दिवसाला सुमारे १००. युनिटला १४ सेंट धरले तर दिवसाचे १४ डॉलर आणि असा महिना गेला तर ४२० डॉलर. जानेवारीभर चोवीस तास ३० अंश नसतात. रॅलेत दुपारी पन्नाशी गाठते. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा खाली येईल. पण कुठल्या चुकीचं वजन किती, याचा अंदाज येतो. पंप पूर्ण बंद असणं ही शेकडो डॉलरची भानगड आहे. रात्री तापमान चुकीच्या पद्धतीने उतरवणं ही दहा ते चाळीस डॉलरची आहे. लोक मात्र पहिली शक्यता सोडून दुसरीवरच वाद घालत बसतात.

आधी कुठला हीटर चालू आहे ते बघा

बाहेर ४५ ते ५० अंश आहेत असा दिवस निवडा. या हवेत स्ट्रिपची काही गरज नसते, त्यामुळे पंपाची एकट्याची परीक्षा होते. थर्मोस्टॅट ‘हीट’वर ठेवा आणि खोलीच्या तापमानापेक्षा फक्त एक अंश वर न्या. तीन-चार अंश एकदम चढवलेत तर बहुतेक थर्मोस्टॅट लगेच स्ट्रिप लावतात आणि परीक्षा वाया जाते.

पाच-दहा मिनिटांनी बाहेर जा. बाहेरच्या मशीनचा पंखा फिरतोय का, कॉम्प्रेसरचा खोल घुमणारा आवाज येतोय का? भिंतीत शिरणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड नळीला काळं फोमचं आवरण असतं. हीटिंगच्या वेळी ती चांगली तापलेली असायला हवी. आवरण संपतं तिथे हात जपून जवळ न्या, चटका बसू शकतो. नळी गार आणि आतल्या हवेत मात्र ऊब, असं असेल तर चोर सापडला: पंप काम करत नाही आणि घर स्ट्रिपवर चाललंय.

जाळीतून येणाऱ्या हवेला स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावून बघण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. तीन टनी पंप या हवेत आत जाणारी ७० अंशांची हवा साधारण ९० ते ९५ पर्यंत नेतो. पण मिनिटाला १,२०० घनफूट हवा वाहत असेल तर १० किलोवॉटची स्ट्रिपसुद्धा तिला साधारण २६ अंशांनीच चढवते, म्हणजे ९६ पर्यंत. हाताला किंवा थर्मामीटरला दोघांतला फरक कळणारच नाही. थर्मामीटर उपयोगी पडतो तो एकाच बाबतीत: ऑक्स बंद असताना हवा जेमतेम ७५-८० ची येत असेल, तर पंप अशक्त आहे.

खरा साक्षीदार मीटर. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या संकेतस्थळावर तासागणिक वापराचा आलेख दिसतो. हा आलेख वाचायला शिकलात की निम्मं निदान घरबसल्या होतं.

एखादी थंड रात्र निवडा आणि २ ते ५ या वेळेतले तास बघा, कारण तेव्हा स्वयंपाक, कपडे, अंघोळी काही नसतं. गाडी रात्री चार्जिंगला लावत असाल तर ती रात्र वगळा. पाण्याच्या विजेच्या हीटरचेही साडेचार किलोवॉट मध्येच डोकावतात. तीन टनाचं मशीन एकटं सतत चाललं तर तासाला अडीच ते साडेतीन युनिट खातं. त्यात फ्रिज, राउटर वगैरे किरकोळ मिळवा. चार युनिटांच्या आत आकडे असतील तर पंप आपलं काम करतोय. रात्रभर सलग सात, आठ, दहा असे खांब दिसले तर घर स्ट्रिपवर आहे. रात्र शांत आणि सकाळी ६ ते ८ मध्ये एक उंच सुळका दिसला तर रात्री उतरवलेलं तापमान सकाळी चढवण्याचा तो खर्च आहे. सुळका संध्याकाळी, वेळ रोज वेगळी, तर घरातलं कुणीतरी थर्मोस्टॅटशी खेळतंय.

हे करताना विजेचा पॅनल उघडून आत मीटर लावायला जाऊ नका. तिथे २४० व्होल्ट आहेत आणि आलेख फुकट मिळतो.

सकाळचा सुळका

झोपताना हीटर कमी करायची सवय आपल्या लोकांत मुरलेली आहे, आणि अमेरिकी ऊर्जा खात्याचा सल्लाही तसाच वाटतो: दिवसातले ८ तास तापमान ७ ते १० अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत. पण हीट पंप असलेल्या घरांना हे सरसकट लागू होत नाही, असं तेच खातं पुढे सांगतं. ती ओळ कुणी वाचत नाही.

वरचंच घर घ्या. रात्री ७० वरून ६२ केलं. घर हळूहळू गार होतं, त्यामुळे आठ तासांचा सरासरी फरक पाच अंश धरू. वाचलेली उष्णता सुमारे २४,००० बीटीयू, म्हणजे ७ युनिटांइतकी. पंपाच्या हिशोबाने वाचलेली वीज २.८ युनिट. सकाळी ६ ला थर्मोस्टॅट एकदम ७० वर जातो. समोर आठ अंशांची खाई दिसल्यावर तो १० किलोवॉटची स्ट्रिप लावतो. ती तासभर चालली तर १० युनिट गेले; हीच उष्णता पंपाने ४ युनिटांत दिली असती. म्हणजे ६ जादा गेले, २.८ वाचले. रोजचा तोटा सव्वातीन युनिटांचा, महिन्याचा तेरा-चौदा डॉलरचा. स्ट्रिप दोन तास चालली तर महिन्याला चाळीसच्या आसपास.

बाहेर ४५ असेल तेव्हा पंपाकडे ताकद शिल्लक असते, तो एकट्याने तापमान वर आणू शकतो, आणि अशा रात्री उतरवण्यात फायदाच आहे. अडचण येते ३० च्या आसपास. तिथे पंप आहे ते तापमान टिकवण्यातच पूर्ण गुंतलेला असतो; आठ अंश चढवायला त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून कडक थंडीच्या आठवड्यात एकच आकडा ठेवा, फार तर रात्री दोन अंश कमी. आकडा मात्र विचार करून निवडा. कायमचं ७२ ऐवजी ६८ ठेवण्यात जी बचत आहे ती कुठल्याही रात्रीच्या वेळापत्रकात नाही.

संध्याकाळचा सुळका, अर्थात आई-बाबा

भारतातून आलेले आई-बाबा डिसेंबर-जानेवारीत घरी असले की हा सुळका हमखास दिसतो, आणि त्यांची तक्रार खरी असते. जाळीखाली हात धरला तर हवा ‘गारच येते’ म्हणतात. ९० अंशांची हवा शरीराच्या ९८.६ पेक्षा थंड असते, वर ती वाहत असते, त्यामुळे हाताला गारच लागणार. गॅसच्या भट्टीची हवा १२० च्या पुढे असते, तिची सवय असलेल्यालाही हीट पंप कमजोरच वाटतो. मग कुणीतरी थर्मोस्टॅट ७६ वर नेतं, या समजुतीने की जास्त आकडा लावला की घर लवकर तापतं. घर तापतं, स्ट्रिपच्या जिवावर.

इथे भाषण देऊन उपयोग नसतो. आईची खुर्ची जाळीच्या झोतातून बाजूला करा, तिच्या पलंगावर शंभर-दीडशे वॉटचं विजेचं पांघरूण टाका, आणि थर्मोस्टॅटमध्ये वरची मर्यादा ७२ ला कुलूपबंद करा. जवळजवळ प्रत्येक स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये तशी सोय असते. खोलीत दीड किलोवॉटचा वेगळा हीटर लावणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तोही एकाला एक या हिशोबाचाच, आणि तो थर्मोस्टॅटजवळ ठेवला तर पंप बंद होऊन बाकीचं घर गारठतं.

जाता जाता फोडणीबद्दल. शेगडीवरचा पंखा मिनिटाला ३०० घनफूट हवा बाहेर फेकत असेल, तर तेवढीच ३० अंशांची हवा फटींतून आत येते. तिला ७० वर आणायला ताशी सुमारे १३,००० बीटीयू लागतात, म्हणजे आपल्या घराच्या एकूण गरजेच्या निम्म्याहून जास्त. फोडणीपुरता लावा, जरूर लावा; भाजी शिजून ताटात येईपर्यंत तो घोंगावत ठेवू नका.

रात्रभर उंच खांब: थर्मोस्टॅट

रात्रभर स्ट्रिप चालत असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी थर्मोस्टॅट तपासा. यात सगळ्यात साधं कारण ‘इमर्जन्सी हीट’. थंडीची लाट येणार असं ऐकून कुणीतरी ते बटण दाबतं. नावावरून वाटतं की जास्त थंडीसाठीच ही सोय केलेली असावी. प्रत्यक्षात ते बटण कॉम्प्रेसर पूर्ण बंद करतं आणि घर फक्त स्ट्रिपवर सोडतं. पंप मोडलेला असेल, मेकॅनिक उद्या येणार असेल, तरच ते वापरायचं.

त्यानंतरचं कारण जास्त छुपं आहे. जुना थर्मोस्टॅट काढून स्मार्ट बसवला, त्याच हिवाळ्यापासून बिल चढलं, ही कहाणी ओळखीची वाटत असेल तर दोन मर्यादा शोधा. एक म्हणजे बाहेर किती अंशांखाली कॉम्प्रेसर चालवायचा नाही. दुसरी म्हणजे बाहेर किती अंशांच्या वर स्ट्रिप लावायची नाही. इकोबी कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये या दोन्ही वेगवेगळ्या नावांनी इन्स्टॉलेशनच्या सेटिंगमध्ये आहेत. गूगलच्या नेस्टमध्ये ‘हीट पंप बॅलन्स’ नावाने बचत आणि आराम यांतला तोल निवडायला लावतात. पहिली मर्यादा कुणी ३५-४० ला ठेवून दिली असेल तर रॅलेतल्या प्रत्येक थंड पहाटे तुमचा धडधाकट पंप सक्तीच्या सुट्टीवर जातो. गॅसची भट्टी जोडीला नसेल तर ही मर्यादा काढून टाका किंवा उत्पादकाने दिलेल्या किमान तापमानापर्यंत खाली न्या. दुसरी मर्यादा ३५ च्या आसपास ठेवून बघा. घर आकडा गाठत नाही असं दिसलं तर दोन-दोन अंशांनी वर चढवा. ही एक सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

तारांचाही एक घोटाळा आहे. मशीनची दिशा बदलणारी झडप ‘ओ/बी’ या तारेवर चालते. बहुतेक कंपन्यांत ती कूलिंगच्या वेळी चालू असते, रीम आणि रूडमध्ये हीटिंगच्या वेळी. थर्मोस्टॅटमध्ये हा पर्याय उलटा निवडला गेला तर हीट मागितल्यावर पंप घर थंड करू लागतो, तापमान पडतं, मग स्ट्रिप लागते, आणि दोघं एकमेकांविरुद्ध जोर लावत बसतात. दुसरा प्रकार म्हणजे थर्मोस्टॅटला घरात ‘हीट पंप’ नसून ‘विजेची भट्टी’ आहे असं सांगितलं जाणं. मग तो पंपाला हाकच मारत नाही. वीज जाऊन आल्यावर किंवा सॉफ्टवेअर बदलल्यावर सेटिंग जागेवर आहेत का हेही एकदा बघा.

बाहेरच्या मशीनवरचा बर्फ

चाळिशीच्या खाली आणि हवेत दमटपणा असला की बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं. हे व्हायचंच. मशीन ते स्वतः वितळवतं, याला डीफ्रॉस्ट म्हणतात: दिशा उलटी करून घरातली उष्णता काही मिनिटं कॉइलकडे पाठवतं. तेव्हा बाहेरचा पंखा थांबतो, झडपेचा ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि मशीनमधून वाफेचा लोट उठतो. शेजारी धूर समजून दार ठोठावतात. घरात गार झोत येऊ नये म्हणून एवढा वेळ स्ट्रिप लागते, तीही योग्यच. दोन ते दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

कॉइलवर पातळ पांढरी साय असणं वेगळं आणि डोक्यापासून पायापर्यंत निळसर बर्फाची लादी चढणं वेगळं. लादी दिसली तर पंपातून हवाच जात नाही, तो नावाला चालू असतो. डीफ्रॉस्टचा सेन्सर किंवा बोर्ड गेलेला असू शकतो, पंख्याची मोटर मेलेली असू शकते, मशीनच्या नळ्यांत फिरणारा गॅस (रेफ्रिजरंट) कमी असू शकतो. पण आधी वर बघा. गळक्या पन्हाळीतून नेमकी मशीनवर धार लागलेली असते आणि मेकॅनिक आतले भाग बदलत राहतो, असंही घडतं. मग खाली बघा. इथे पाइनच्या सुया कॉइलला चिकटून बसतात, वसंतातले पिवळे पराग वर्षभर आत घट्ट बसलेले असतात, आणि जमिनीलगतची पाणी वाहून जायची भोकं पानांनी बुजलेली असतात. वीज बंद करून साध्या बागेच्या पाइपने हलक्या धारेने कॉइल धुवा, ऑक्टोबरातच धुतलेली बरी. चढलेला बर्फ सुरी-खुरपीने खरवडू नका. कॉइलच्या पात्या आणि नळ्या नाजूक असतात, एक भोक म्हणजे नवी कॉइल.

फिल्टर, डक्ट, बंद जाळ्या

फिल्टर कोंबलेला असेल तर हवा कमी वाहते, कॉम्प्रेसरवर दाब चढतो, सीओपी घसरतो. थंडीत दर महिन्याला बघा. जाड, दाट फिल्टर नेहमीच चांगला असं नाही. एक इंची खाचेत मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप) बसवून हवा रोखण्यापेक्षा मर्व्ह ८ वेळेवर बदलणं पंपाला मानवतं. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.

रिकाम्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून बचत होते हा समज हीट पंपाच्या बाबतीत उलटा पडतो. मशीनला ठरावीक हवा हवीच असते, जाळ्या बंद केल्या की ती डक्टच्या सांध्यांतून गळते. हे डक्ट इथे बहुधा घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये किंवा माळ्यावर असतात, म्हणजे गळलेली हवा थेट बाहेर. साधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाते, असं ‘एनर्जी स्टार’ हा अमेरिकी सरकारचा ऊर्जाबचतीचा कार्यक्रम सांगतो. एका शनिवारी टॉर्च घेऊन खाली उतरा. निखळलेला सांधा हाताला लगेच कळतो. सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप) लावा. कापडी टेप दोन-तीन वर्षांत सुटून लोंबते.

मेकॅनिकला काय विचारायचं

वरचं सगळं बघूनही बाहेर ४५ असताना पंप पुरत नसेल तर एचव्हॅकवाला (हीटिंग-एसीचा मेकॅनिक) बोलवायलाच हवा. तो येतो तेव्हा घर गरमच असतं, म्हणून ‘चालू तर आहे’ म्हणून निघून जाण्याचा धोका असतो. त्याला नेमकं सांगा: स्ट्रिप वेगळी करून फक्त पंप चालवा आणि हवेचं तापमान किती चढतं ते मोजून लिहून द्या. डीफ्रॉस्ट जबरदस्तीने सुरू करून दाखवा. स्ट्रिपच्या तारेवर, ऑक्स दिसत नसताना, शून्य अँपिअर आहेत ना ते बघा. शेवटचं महत्त्वाचं, कारण स्ट्रिप चालू-बंद करणारा रिले चिकटून बसला तर थर्मोस्टॅटवर काहीही न दिसता ती जळत राहते.

‘थोडा गॅस भरून देतो’ हे वाक्य पुण्याच्या एसीवाल्याकडून ऐकलेलंच इथेही ऐकू येतं. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या जानेवारीपर्यंत परत गेलेला असतो. दरवर्षी हीच दुरुस्ती होत असेल तर भरण्याचे पैसे गळती शोधण्यावर घालवा. थंडीत गॅसचं प्रमाण वजनावर किंवा कंपनीच्या हीटिंगच्या तक्त्यावर ठरवावं लागतं. गॅस हाताळायला ईपीएचं (अमेरिकी पर्यावरण संस्थेचं) कलम ६०८ चं प्रमाणपत्र लागतं, ते मागायला संकोच नको. जुन्या मशीनमध्ये बहुधा आर-४१०ए असतो. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मशीनमध्ये आर-४५४बी किंवा आर-३२ येतो, आणि एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही.

स्ट्रिप लागणं बरोबर असतं तेव्हा

आपल्या घराला बाहेर २० अंश असताना ताशी ३०,००० बीटीयू लागतील. साधं, एकाच वेगाचं तीन टनी मशीन त्या थंडीत २२,००० च्या आसपासच देऊ शकतं. उरलेले आठ हजार स्ट्रिपच देणार, आणि तिने ते द्यायलाच हवेत. असे दिवस रॅलेत मोजकेच. २४ डिसेंबर २०२२ च्या थंडीच्या लाटेत कॅरोलायनांत वीज कंपनीला आळीपाळीने घरांची वीज तोडावी लागली होती. हिवाळ्यातल्या पहाटेची सगळ्यांची एकदम चढणारी मागणी काय असते ते त्या दिवशी कळलं, आणि त्या मागणीत घराघरांतल्या या स्ट्रिपचा वाटा असतोच. अशा दिवसांसाठी स्ट्रिपशी भांडू नका. माळ्याचं झाकण, दाराखालची फट आणि खिडक्यांच्या कडा बुजवा. घराची गरज कमी झाली की पंप आणखी दोन-तीन अंश खालपर्यंत एकटा पुरतो.

मशीन पंधरा वर्षांचं असेल आणि बदलायचंच असेल तर एचएसपीएफ२ हा हीटिंगच्या कार्यक्षमतेचा आकडा बघा. जानेवारी २०२३ पासून स्प्लिट हीट पंपांना किमान ७.५ लागतो. त्याला ३.४१२ ने भागलं की हंगामाचा सरासरी सीओपी मिळतो, इथे २.२. नऊ-साडेनऊचं, कमी-जास्त वेगाने चालणारं मशीन थंड पहाटे जास्त उपयोगी पडतं. मात्र विक्रेता अजून संघराज्याच्या ३० टक्के, २,००० डॉलरपर्यंतच्या करसवलतीचं गाजर दाखवत असेल तर लक्षात ठेवा, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या मशीनला ती मिळत नाही. राज्याची किंवा वीज कंपनीची सवलत असू शकते, ती वेगळी विचारा.

मिनी-स्प्लिट असेल किंवा जोडीला गॅस असेल तर

भिंतीवरच्या मिनी-स्प्लिटमध्ये सहसा स्ट्रिप नसते, त्यामुळे छुपा खर्च नसतो. तो बिघडला तर खोली सरळ गार पडते. त्याला एका आकड्यावर सोडून द्या. सारखा बंद-चालू केलात तर दर वेळी तो पूर्ण ताकदीने धावतो आणि कमी वेगाला मिळणारी खरी बचत हातची जाते.

न्यू जर्सी, टोरांटोकडे हीट पंपाच्या जोडीला बऱ्याचदा गॅसची भट्टी असते. तिथे कॉम्प्रेसर कुठल्या तापमानाला थांबवायचा हे गॅसचा दर ठरवतो. गॅस थर्म या मापाने धरला तर एका थर्ममध्ये विजेच्या २९.३ युनिटांइतकी उष्णता असते. ९२ टक्के कार्यक्षमतेच्या भट्टीतून त्यातली २७ घरात येते. विजेच्या एका युनिटच्या दराला २७ ने गुणा आणि थर्मच्या दराने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा पंपाचा सीओपी जास्त असेल तोवर पंप स्वस्त. १४ सेंट आणि दीड डॉलर धरले तर उत्तर अडीच येतं, म्हणजे साध्या मशीनसाठी साधारण ३० अंशांपर्यंत पंप चालवावा आणि खाली गॅस. वीज २० सेंट झाली तर हाच आकडा ३.६ होतो आणि पंप पन्नाशीच्या आसपासच परवडतो. दर बिलावरून घ्या, आणि त्यात पुरवठा व वहन असे दोन्ही आकार मिळवायला विसरू नका. फक्त पहिला आकडा धरला तर वीज आहे त्यापेक्षा खूप स्वस्त दिसते.